ओसरीवरून : नऊ महिने कपाटात



गेल्या महिन्यात मी इथल्या उन्हाबद्दल लिहिलं होतं. त्यावर इंदूरच्या एका वाचक भगिनींनी कळवलं, "ताई, हवामानावर लिहिता ते ठीक, पण त्यात राजकारण आणू नका." त्यांचा आदर राखून सांगते, मी काही आणत नाही. ते आधीच येऊन बसलेलं असतं. आज ज्या प्रकरणाबद्दल लिहिते आहे त्यात ते कसं आलं, कुठल्या खुर्चीत बसलं आणि शेवटी त्याला थोडंसं कसं सरकावं लागलं, ते वाचा आणि मग ठरवा.

प्रकरण सह्याद्रीचं आहे. आता थाटीपुरात राहून सह्याद्रीची उठाठेव कशाला, असंही कुणी विचारेल. आपल्यापैकी पुष्कळांची मुळं घाटावर नाही तर कोकणात आहेत. दीड-दोनशे वर्षांपूर्वी शिंद्यांच्या मागोमाग आलेली घराणी ग्वाल्हेरची झाली, पण कुलदैवत तिकडेच राहिलं. माझी मावसबहीण चिपळूणला असते. २२ जुलै २०२१ ला वाशिष्ठीचं पाणी गावात शिरलं तेव्हा तिच्याशी दोन दिवस बोलणं झालं नव्हतं. फोन लागला तेव्हा ती आधी रडली नाही की बोलली नाही, म्हणाली, "अगं, पापडाचा डबा तेवढा वर होता, तो राहिला." त्याच दिवशी महाडजवळच्या तळियेवर दरड कोसळली आणि ऐंशीहून अधिक माणसं गेली. तेव्हापासून माझ्यासाठी सह्याद्री हा भूगोलाच्या पुस्तकातला धडा राहिलेला नाही.

तर गोष्ट सुरू होते २०१० च्या मार्चमध्ये. केंद्रात जयराम रमेश पर्यावरणमंत्री होते. त्यांनी पश्चिम घाटाच्या पर्यावरणाचा अभ्यास करायला तज्ज्ञांचा एक गट नेमला आणि अध्यक्ष केलं माधव गाडगीळांना.

गाडगीळांबद्दल चार ओळी लिहायलाच हव्यात, कारण आपल्या तरुण मंडळींना हे नाव फक्त बातम्यांतून माहीत असतं. जन्म पुण्याचा, १९४२ चा. वडील म्हणजे अर्थतज्ज्ञ धनंजयराव गाडगीळ, गोखले अर्थशास्त्र संस्था उभारणारे, प्रवरानगरच्या सहकारी साखर कारखान्यात विठ्ठलराव विख्यांच्या बरोबरीने उभे राहिलेले, पुढे नियोजन आयोगाचे उपाध्यक्ष. शेजारी इरावतीबाई कर्वे. असं शेजार मिळाल्यावर मुलगा साधा कारकून होणार नाही हे उघडच आहे. हार्वर्डला जाऊन गणिती परिसरशास्त्रात डॉक्टरेट केली आणि तिथे न राहता परत आले, बंगळूरच्या भारतीय विज्ञान संस्थेत तीस वर्षं काढली. पत्नी सुलोचनाबाईसुद्धा तिथेच, आणि त्यांचा विषय मान्सून. भुईमूग कधी पेरावा म्हणजे पाऊस त्याला साथ देईल, हे त्यांनी शेतकऱ्यांबरोबर बसून अभ्यासलं होतं. एकाच घरात नवरा डोंगराचा आणि बायको पावसाची! ज्या देशात ढग येऊन आपटतात त्या घाटावरच सगळं अवलंबून आहे, तिथे याहून बरी जोडी कुठली?

गाडगीळांची पद्धत कशी, याचं एक उदाहरण मला फार आवडतं. सत्तरीच्या दशकात कर्नाटकात बांबू का संपतोय हे शोधायचं काम त्यांच्याकडे आलं. वनखात्याचं म्हणणं ठरलेलं, की गावकरी तोडतात, गुरं चरतात. गाडगीळ रानात फिरले, बुरूडकाम करणाऱ्यांशी बोलले. निघालं ते वेगळंच. बांबूच्या बेटाच्या बुडाशी काटेरी जाळी असते, ती कोवळ्या कोंबांचं रक्षण करते. गावकरी ती जाळी ठेवून वरच्या वर बांबू काढत. कागद गिरणीची माणसं मात्र तोडणी सोपी व्हावी म्हणून आधी जाळीच साफ करत आणि मग कोंब उघडे पडून गुरांच्या आणि रानातल्या जनावरांच्या तोंडी जात. गिरणीला हा बांबू मिळत होता मातीमोल भावाने. सरकारी पैशाने केलेला अभ्यास सरकारच्या आवडत्या समजुतीला धक्का देतो तेव्हा काय होतं, याची चव त्यांनी तेव्हापासूनच घेतलेली होती.

घाटाच्या गटात चौदा माणसं होती. तापीपासून कन्याकुमारीपर्यंत सुमारे दीड हजार किलोमीटरची रांग, सहा राज्यं, १,२९,०३७ चौरस किलोमीटर. या सगळ्या मुलखाचे त्यांनी साधारण नऊ किलोमीटर बाय नऊ किलोमीटरचे सुमारे बावीसशे चौकोन केले. उतार किती, झाडोरा किती, कुठल्या दुर्मिळ जाती, नद्यांचे उगम कुठे, अशी माहिती प्रत्येक चौकोनासाठी भरली. संपूर्ण घाट संवेदनशील धरला, पण तीन पातळ्यांत. पहिल्या पातळीत नवं मोठं धरण नाही, नवी खाण नाही, नवं हिल स्टेशन नाही. तिसऱ्या पातळीत बरंच काही चालेल, पण जपून. केरळातला अथिरापल्ली आणि कर्नाटकातला गुंडिया हे जलविद्युत प्रकल्प नकोत, असं स्पष्ट लिहिलं. गोव्यात पहिल्या पातळीतल्या खाणी २०१६ पर्यंत टप्प्याटप्प्याने बंद करा म्हटलं. रत्नागिरी-सिंधुदुर्गात नव्या खाणी, प्रदूषण करणारे उद्योग आणि वीज प्रकल्प यांना तूर्त परवानग्या देऊ नका म्हटलं.

शेतकऱ्यांच्या बाबतीत काय म्हटलं होतं ते मात्र कमी लोकांना ठाऊक आहे. रासायनिक कीटकनाशकं काही वर्षांत हळूहळू बंद करावीत, आणि सेंद्रिय शेतीकडे वळताना मातीत जो कर्ब साठतो त्याबद्दल शेतकऱ्याला मोबदला द्यावा. हवामानबदलाच्या नावाने आज जगभर जे कर्बाचे व्यवहार चालतात, त्यातला वाटा आपल्या घाटातल्या शेतकऱ्याच्या खिशात जावा, असं २०११ मध्ये सुचवलं होतं. आणि शेवटचा शब्द कुणाचा? ग्रामसभेचा. हे चौकोन म्हणजे पहिला मसुदा, लोकांसमोर ठेवा, त्यांचं ऐका, मग हद्दी पक्क्या करा, असं ते म्हणत होते. सिंधुदुर्गातल्या पंचवीस गावांनी तर आपणहून ठराव केले होते, की आम्हाला या संवेदनशील क्षेत्रात घ्या.

लोटे-परशुरामच्या रासायनिक वसाहतीबद्दल त्यात जे लिहिलं होतं ते वाचून मी चिपळूणला फोन केला होता. या वसाहतीत सुमारे ११,००० लोकांना काम मिळालं, आणि प्रदूषणाने मासळी संपून सुमारे २०,००० जणांची मासेमारी गेली, असा हिशेब त्यात मांडला होता. बहीण म्हणाली, "अहवाल कशाला हवा, दाभोळच्या खाडीवर जाऊन कुठल्याही कोळणीला विचार." बरोबर आहे. पण कोळणीचं म्हणणं कागदावर, सरकारी शिक्क्याच्या समितीच्या कागदावर, यायला इतकी वर्षं लागली.

३१ ऑगस्ट २०११ ला हा अहवाल मंत्रालयाला सादर झाला. तोवर जुलैमध्ये जयराम रमेश ग्रामविकास खात्यात गेले होते आणि जयंती नटराजन आल्या होत्या. आणि मग अहवाल दिसेनासा झाला.

म्हणजे हरवला नाही. फेटाळलाही नाही. फक्त कुणाला दाखवला नाही.

आमच्या गल्लीत एक निवृत्त भूवैज्ञानिक राहतात. उभी हयात सरकारी नोकरीत गेली, खातं कुठलं ते मुद्दाम लिहीत नाही. सकाळी दूध आणायला जाताना भेट होते. हा किस्सा मी त्यांना सांगितला तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "भाभीजी, सरकार में रिपोर्ट कभी मरती नहीं, बस सो जाती है." मग त्यांनी मला त्यातली कारागिरी समजावली. अहवाल नाकारायचा तर कारण लिहावं लागतं, सही करावी लागते, उद्या कोर्टात विचारलं तर उत्तर द्यावं लागतं. म्हणून नाकारायचंच नाही. 'विचाराधीन' लिहायचं. राज्यांची मतं मागवायची, राज्यं उत्तर देत नाहीत, स्मरणपत्र जातं, तेवढ्यात निवडणुका. त्यांच्या स्वतःच्या एका पाहणीचंही असंच झालं होतं. विहिरींच्या पातळीची आकडेवारी होती, तीन वर्षं उन्हातान्हात फिरून जमवलेली. वरिष्ठांनी फक्त एक विशेषण बदलायला सांगितलं, 'गंभीर'च्या जागी 'मध्यम' करा म्हणाले. यांनी केलं नाही. त्यांची बदली झाली आणि विशेषण त्यांच्यामागे बदललं गेलं. "एक शब्द था," ते म्हणाले, आणि दुधाची पिशवी या हातातून त्या हातात घेतली.

घाटाच्या अहवालाला जाग आली ती केरळमधल्या एका नागरिकामुळे. त्याने माहितीच्या अधिकारात सारांश मागितला. मंत्रालयाने नकार दिला. कारण वाचण्यासारखं आहे. माहिती अधिकार कायद्याच्या कलम ८(१)(अ) खाली, म्हणजे देशाच्या सामरिक, वैज्ञानिक आणि आर्थिक हिताला बाधा येईल अशी माहिती रोखता येते त्या कलमाखाली, हा नकार होता. बेडकांच्या जाती, नद्यांचे उगम आणि डोंगरउतार यांची माहिती उघड झाली तर देशाच्या हिताला बाधा! शिवाय अहवाल अजून अंतिम नाही, मसुदाच आहे, असंही म्हणणं होतं.

प्रकरण केंद्रीय माहिती आयोगात गेलं. तिथे आयुक्त होते शैलेश गांधी, मुंबईचे. आयआयटीत शिकलेले अभियंते, आधी स्वतः माहिती अधिकाराचे कार्यकर्ते. त्यांनी ९ एप्रिल २०१२ ला आदेश दिला, की सारांश द्या आणि अहवाल संकेतस्थळावरही टाका. एवढ्यावर न थांबता मंत्रालयाला सांगितलं, की तज्ज्ञ समित्यांचे अहवाल हाती आल्यापासून तीस दिवसांत जाहीर करत जा, आणि एखादा रोखायचा असेल तर कारण लिहून ठेवा. त्यांचा मुद्दा साधा होता. सरकारने तज्ज्ञांचं ऐकलंच पाहिजे असं नाही, पण ऐकलं नाही तर का नाही हे ज्याच्या पैशाने समिती बसली त्या नागरिकाला कळलं पाहिजे.

मंत्रालय दिल्ली उच्च न्यायालयात गेलं. १७ मे २०१२ ला न्यायालयाने मंत्रालयाची याचिका फेटाळली. २३ मेला अहवाल संकेतस्थळावर आला, सोबत एक सूचना लावून, की मंत्रालयाने हा अहवाल औपचारिकपणे स्वीकारलेला नाही. ऑगस्ट अखेर ते मे अखेर. मोजून नऊ महिने. आमच्याकडे एवढ्यात बाळ जन्माला येतं आणि बारसंही ठरतं.

पण अहवाल जाहीर झाला म्हणजे लोकांपर्यंत पोचला असं नाही. तो इंग्रजीत, दोन भागांत, शेकडो पानांचा. सिंधुदुर्गातल्या ग्रामसभेने वाचायचा कसा? महाराष्ट्र शासनाने त्याचा मराठी सारांश काढला खरा, पण तो विपर्यस्त आहे, अशी तक्रार खुद्द गाडगीळांनी जाहीरपणे केली. आणि लोकांपर्यंत काय पोचलं? घरं बांधता येणार नाहीत, गुरं चारता येणार नाहीत, गावं उठवणार. केरळात तर २०१३ च्या नोव्हेंबरात डोंगराळ जिल्ह्यांत हरताळ झाले, चर्चमधून विरोध झाला. तिथल्या छोट्या शेतकऱ्यांची भीती मी खोटी मानत नाही. ज्याची दोन एकर वेलची आहे त्याला 'संवेदनशील क्षेत्र' म्हटलं की वनखात्याचा गार्ड आठवतो, आणि त्या आठवणीला कारणं असतात. पण त्या भीतीवर उतारा एकच होता, पूर्ण मजकूर त्याच्या भाषेत त्याच्या हातात देणं. नेमकं तेच केलं नाही.

मग सरकारने दुसरी समिती नेमली, ऑगस्ट २०१२ मध्ये. अध्यक्ष कस्तुरीरंगन, इस्रोचे माजी प्रमुख. एप्रिल २०१३ मध्ये त्यांचा अहवाल आला. उपग्रहाच्या चित्रांवरून त्यांनी घाटाचे 'नैसर्गिक' आणि 'सांस्कृतिक' असे दोन भाग केले आणि जवळजवळ ३७ टक्के भाग, साठ हजार चौरस किलोमीटरच्या आसपास, संवेदनशील ठरवला. पहिल्या समितीच्या मानाने पुष्कळच कमी. गाडगीळांनी कस्तुरीरंगनांना उघड पत्र लिहिलं. त्यात त्यांचा राग मुख्यतः चौरस किलोमीटरवर नव्हता. स्थानिक लोकांना आर्थिक निर्णयांत स्थान नाही, असा सूर दुसऱ्या अहवालात होता, तो त्यांना लागला होता. कस्तुरीरंगन मोठे शास्त्रज्ञ, त्यांच्या हेतूवर बोट ठेवायचं मला कारण नाही. एका समितीचा अहवाल पचत नाही म्हणून त्यावर दुसरी समिती, ही जी रीत आहे तिच्याबद्दल मात्र बोलायला हवं. सुनेचा स्वयंपाक आवडला नाही तर सरळ सांगावं. शेजारणीला बोलावून पुन्हा चूल पेटवायला लावलं, की भांडण दोघींत लागतं आणि सांगणारा नामानिराळा.

बरं, त्या सौम्य अहवालाचं तरी काय झालं? मार्च २०१४ मध्ये ५६,८२५ चौरस किलोमीटरची मसुदा अधिसूचना निघाली. महाराष्ट्राच्या वाट्याला त्यातले १७,३४० चौरस किलोमीटर. मसुद्याची मुदत संपली, पुन्हा मसुदा. २०१५, २०१७, २०१८, २०२२. सहावा मसुदा निघाला ३१ जुलै २०२४ ला. ती तारीख लक्षात ठेवा.

त्याच्या आदल्याच दिवशी, ३० जुलैच्या पहाटे, केरळात वायनाडच्या मुंडक्कई आणि चूरलमला या वस्त्यांवर डोंगर आला. अडीचशेहून अधिक माणसं गेली. वैथिरी तालुका, जिथे हे घडलं, तो गाडगीळांच्या नकाशात पहिल्या पातळीत होता. जगभरच्या हवामानशास्त्रज्ञांच्या एका गटाने नंतर हिशेब काढला, की त्या दिवशीचा पाऊस हवामानबदलामुळे सुमारे दहा टक्के जास्त जोराचा होता. आणि बरोबर दहा वर्षांपूर्वी त्याच तारखेला, ३० जुलै २०१४ ला, पुण्याच्या आंबेगाव तालुक्यातलं माळीण गाव चिखलाखाली गेलं होतं. १५१ माणसं. एसटीचा चालक सकाळी गाडी घेऊन गेला तेव्हा त्याला गाव जागेवर दिसलं नाही, तेव्हा बाहेरच्या जगाला कळलं. मग २०२१ चं तळिये, २०२३ च्या जुलैत खालापूरची इर्शाळवाडी.

अहवाल मानला असता तर ही माणसं वाचली असती, असं मी लिहिणार नाही. दरड कुठे कोसळेल हे सांगण्यासाठी ती समिती नव्हतीच. पाऊस, माती, उतार, डोंगर कापणं, अशी अनेक कारणं एकत्र येतात आणि प्रत्येक गावाची गोष्ट निराळी असते. माझं म्हणणं एवढंच, की या माणसांना आपल्या डोंगराबद्दल काय लिहिलं गेलंय हे वाचण्याचा हक्क होता, आणि सरकारने तो न्यायालयात जाऊन अडवला.

आता 'आपलंच सरकार असं' म्हणून कुणी कपाळाला हात लावू नये. (आणि कुठल्या एका पक्षाचं हे दुखणंही नाही. तारखा पाहिल्यात तर दोन्ही बाजूंची सरकारं त्यात येतात.) अमेरिकेत २००५ मध्ये उघड झालं, की राष्ट्राध्यक्षांच्या पर्यावरण परिषदेतला फिलिप कूनी नावाचा अधिकारी हवामानाच्या सरकारी अहवालांत स्वतःच्या हाताने दुरुस्त्या करत होता, ठाम वाक्यांत शंका घालत होता. गृहस्थ शास्त्रज्ञ नव्हते, आधी तेल कंपन्यांच्या संघटनेत होते. राजीनामा दिला आणि थेट एक्सॉनमोबिलमध्ये नोकरीला लागले. पुढच्या वर्षी नासाचे जेम्स हॅन्सन यांनी सांगितलं, की आपल्या भाषणांवर आणि मुलाखतींवर पहारा बसवला आहे. तो बसवणाऱ्यांत जनसंपर्क विभागातला चोवीस वर्षांचा एक राजकीय नेमणुकीचा पोरगा होता! २०२५ मध्ये तर तिथे राष्ट्रीय हवामान आढाव्याच्या सगळ्या लेखकांना एप्रिलमध्ये घरी पाठवलं आणि नंतर जुने आढावे ठेवलेलं संकेतस्थळच बंद झालं. आमची भाची तिकडे न्यू जर्सीत असते, तिच्या मुलाला शाळेच्या प्रकल्पासाठी ते पान हवं होतं. विशेषण बदलणं परवडलं म्हणायचं.

आपल्याकडे २०२३ च्या जानेवारीत जोशीमठ खचू लागलं. इस्रोच्या हैदराबादच्या केंद्राने उपग्रहाच्या चित्रांवरून काढलं, की २७ डिसेंबर ते ८ जानेवारी या बारा दिवसांत गाव ५.४ सेंटीमीटर खाली गेलं. दोन दिवसांत तो अहवाल संकेतस्थळावरून काढला गेला आणि राष्ट्रीय आपत्ती व्यवस्थापन प्राधिकरणाने सरकारी संस्थांना पत्र पाठवलं, की माध्यमांशी बोलू नका, माहिती समाजमाध्यमांवर टाकू नका. घबराट पसरते हे कारण. ज्याच्या भिंतीला हात जाईल एवढी भेग पडली आहे तो आकडा वाचून घाबरणार?

उलटी बाजूही सांगते, म्हणजे एकांगी लिहिलं असं व्हायला नको. २००९ मध्ये याच जयराम रमेशांनी हिमनद्यांवरचा एक शोधनिबंध प्रसिद्ध केला, भूवैज्ञानिक व्ही. के. रैना यांचा. हिमनद्या झपाट्याने नाहीशा होताहेत याला भक्कम पुरावा नाही, असा त्याचा रोख. आयपीसीसीचे अध्यक्ष राजेंद्र पचौरी संतापले, जादूटोण्याचं शास्त्र म्हणाले. आणि दोनच महिन्यांत, जानेवारी २०१० मध्ये, आयपीसीसीला मान्य करावं लागलं, की हिमालयातल्या हिमनद्या २०३५ पर्यंत संपतील हे त्यांच्या अहवालातलं विधान निराधार होतं. मंत्र्याला हवा तो निष्कर्ष होता आणि त्या एका मुद्द्यावर तो बरोबरही निघाला. हिमनद्या वितळत आहेत हे मात्र त्याने खोटं ठरलं नाही. पण चूक सापडली कशामुळे? दोन्ही कागद सगळ्यांसमोर होते म्हणून. एक कपाटात असता तर आपण अजून २०३५ घोकत बसलो असतो.

आता आपल्या उंबऱ्यापाशी येऊ. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेने, म्हणजे सरकारी संस्थेनेच, २०१७ मध्ये दाखवलं, की मध्य भारतात एका वेळी मोठ्या टापूवर पडणाऱ्या अतिवृष्टीच्या घटना १९५० पासून तिप्पट झाल्या. मध्य भारत म्हणजे आपणच की. २०२१ च्या ऑगस्टात सिंध नदीला पूर आला आणि दतिया जिल्ह्यात रतनगढमाता मंदिराकडे जाणारा पूल वाहून गेला, आठवतं ना? आपल्यातली कितीतरी कुटुंबं तिथे भाईदूजेला जातात.

आणि बुंदेलखंडात केन-बेतवा जोडप्रकल्प सुरू आहे, डिसेंबर २०२४ मध्ये खजुराहोला पायाभरणी झाली. केनमध्ये जास्तीचं पाणी आहे आणि बेतवात कमी, या एका वाक्यावर सगळा प्रकल्प उभा आहे. ते वाक्य तपासायचं तर नदीच्या प्रवाहाची आकडेवारी हवी. पण या नद्या गंगेच्या खोऱ्यात येतात आणि त्या खोऱ्याची प्रवाहाची आकडेवारी गोपनीय असते. सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या केंद्रीय सक्षम समितीने २०१९ मध्ये या प्रकल्पावर गंभीर प्रश्न उभे केले होते. आयआयटी मुंबईच्या संशोधकांनी २०२३ मध्ये असंही मांडलं, की मोठ्या प्रमाणावर नद्या जोडल्या तर जमीन आणि हवा यांच्यातला ओलाव्याचा व्यवहार बदलून आधीच कोरड्या असलेल्या काही भागांत सप्टेंबरचा पाऊस बारा टक्क्यांपर्यंत घटू शकतो. ते प्रतिमानाचं गणित आहे, त्यावर वाद होऊ शकतो आणि व्हावा. पण वाद घालायला दुसऱ्या बाजूने आकडे टेबलावर ठेवले पाहिजेत. बुंदेलखंडातल्या बाईच्या डोक्यावरचा हंडा उतरावा असं मलाही वाटतं. तो खरंच उतरणार का, एवढंच विचारते आहे.

आपल्या तिघऱ्याचंच पाहा ना. थाटीपूर काय, मुरार काय, लष्कर काय, आपण सगळे ज्या धरणाचं पाणी पितो, ते सांक नदीवरचं धरण १९१६ मध्ये बांधून झालं. विश्वेश्वरय्यांनी खडकवासल्याला १९०३ मध्ये बसवलेले स्वयंचलित दरवाजे पुढे तिघऱ्यालाही बसले. पुणे आणि ग्वाल्हेरचं हे एक जुनं नातं. आणि १९१७ च्या ऑगस्टमध्ये तेच धरण फुटलं. पायातल्या वालुकाश्मात पाणी मुरलं होतं. महाराजांचं राज्य होतं, पैसा होता, देशातला सर्वांत नामांकित अभियंता जोडीला होता. खडकाने यातलं काहीच विचारात घेतलं नाही.

इंदूरच्या भगिनींनी शेवटी विचारलं होतं, की आपण घरबसल्या काय करणार? घाटाचे दोन्ही अहवाल आज कुणालाही वाचता येतात, पहिला त्या अनोळखी केरळी माणसाच्या हट्टामुळे. केंद्र सरकारकडे माहिती मागायच्या अर्जाला दहा रुपये लागतात, पोस्टल ऑर्डर चालते. दारिद्र्यरेषेखालच्या माणसाला तेही नाहीत. आमच्या गल्लीतल्या त्या निवृत्त भूवैज्ञानिकांना मी म्हटलं, तुमची विहिरींची पाहणी आपण मागवू या का? मूळ 'गंभीर'वाली आणि नंतरची 'मध्यम'वाली, दोन्ही. ते जरा वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, अर्जात फाइलचा नंबर लिहावा लागेल, तो माझ्या डायरीत आहे.

अर्ज गेल्या सोमवारी टाकला. उत्तराला तीस दिवसांची मुदत असते. काय येतं ते पुढच्या महिन्यात इथेच कळवते.